जयपूरची सी-स्कीम: वाहतूक कोंडी, बससेवा आणि रस्ताशुल्काचा प्रश्न

राजस्थानची राजधानी असलेल्या जयपूरमध्ये तटबंदीच्या बाहेर, अजमेरी गेटच्या नैर्ऋत्येला सी-स्कीम हा भाग वसलेला आहे. राज्य शासनाचे सचिवालय आणि उच्च न्यायालयाचे जयपूर खंडपीठ याच परिसरात किंवा त्याला लागून आहे. बँकांची विभागीय कार्यालये, खासगी रुग्णालये, मोठी उपाहारगृहे आणि दागिन्यांची दालने यांचीही येथे दाटी आहे. सकाळी कार्यालये उघडण्याच्या वेळी आणि सायंकाळी ती सुटल्यावर स्टॅच्यू सर्कलला मिळणाऱ्या रस्त्यांवर वाहनांच्या रांगा लागतात. या रांगा कमी करण्यासाठी उन्नत मार्ग, स्वतंत्र बसमार्गिका आणि मेट्रो असे उपाय जयपूरने दोन दशकांत करून पाहिले. जगातील काही शहरांनी यापुढचे पाऊल टाकले असून गर्दीच्या वेळी मध्यवर्ती भागात येणाऱ्या वाहनांकडून ती शहरे शुल्क घेतात. सी-स्कीमसारख्या भागात असे शुल्क उपयोगी पडेल का, आणि त्यासाठी आधी काय करावे लागेल, याचा हा आढावा.

नियोजित वसाहतीची कोंडी

जयपूर हे मुळातच आखून वसविलेले शहर आहे. सवाई जयसिंह द्वितीय यांनी १७२७ मध्ये त्याची पायाभरणी केली. विद्याधर भट्टाचार्य यांच्या नियोजनातून नऊ चौरसांची रचना, काटकोनात छेदणारे रुंद राजमार्ग आणि त्यांच्या छेदावरील चौपडी आकाराला आल्या. जुन्या जयपूरचा समावेश युनेस्कोने २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत केला, त्यामागे या आखणीचा मोठा वाटा आहे. हत्ती, पालख्या आणि मिरवणुकांसाठी काढलेले ते रस्ते पुढे दोन शतके पुरले.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र तटबंदीच्या आतील जागा अपुरी पडू लागली. म्हैसूर संस्थानचे दिवाणपद सांभाळलेले सर मिर्झा इस्माईल १९४२ मध्ये जयपूरचे दिवाण झाले. तटबंदीबाहेर शहराचा विस्तार करण्यासाठी त्यांच्या काळात इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या योजना आखण्यात आल्या. त्यांपैकी तिसऱ्या अक्षराची योजना म्हणजे सी-स्कीम. कागदोपत्री तिचे नाव अशोकनगर आहे, परंतु रिक्षाचालकाला ते नाव सांगून उपयोग होईलच असे नाही. तटबंदीला समांतर जाणाऱ्या बाजारपेठेच्या रस्त्याला मिर्झा इस्माईल यांचे नाव देण्यात आले असून तो आज एम. आय. रोड म्हणून ओळखला जातो.

सी-स्कीमची आखणी बंगल्यांसाठी झाली होती. मोठे भूखंड, पुढे बाग, मागे नोकरांच्या खोल्या आणि दोन बाजूंना झाडे असलेला रस्ता, असे तिचे मूळ स्वरूप होते. १९५१ च्या जनगणनेत जयपूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख होती. २०११ मध्ये ती ३० लाखांवर गेली. या साठ वर्षांत बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या, तळमजल्यांवर दुकाने आणि दवाखाने निघाले, परंतु रस्त्यांची आखणी तीच राहिली. एका कुटुंबाच्या ये-जा करण्यासाठी पुरेशा असलेल्या फाटकातून आता दिवसभरात शेकडो माणसे आत-बाहेर करतात.

कोंडीचे दुसरे कारण सी-स्कीमच्या स्थानात आहे. उत्तरेला एम. आय. रोड आणि जुने शहर, पूर्वेला टोंक रोड, पश्चिमेला सिव्हिल लाइन्स आणि अजमेर रोडची दिशा, दक्षिणेला विधानसभा भवन अशा चारही बाजूंनी महत्त्वाच्या ठिकाणांनी वेढलेला हा भाग असल्याने अनेक वाहने येथे थांबण्यासाठी येतच नाहीत. ती केवळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्यासाठी सरदार पटेल मार्ग, भगवानदास रोड किंवा पृथ्वीराज रोडचा वापर करतात. येथे काम असलेला आणि येथून केवळ जाणारा, हे दोघेही त्याच सिग्नलवर उभे राहतात. शुल्काचा विचार करताना हा फरक निर्णायक ठरतो.

रस्ते वाढविण्याचे प्रयत्न

जयपूर विकास प्राधिकरणाची स्थापना १९८२ मध्ये झाली. तेव्हापासून शहरातील वाहतुकीच्या प्रश्नाकडे प्रामुख्याने बांधकामाचा प्रश्न म्हणून पाहिले गेले आहे. उड्डाणपूल झाले आणि रुंदीकरणही झाले. शहराच्या दक्षिण भागात जवाहर सर्कल, बी-टू बायपास आणि लक्ष्मी मंदिर तिठा येथे सिग्नल काढून वाहतूक अखंड चालावी यासाठी कामे हाती घेण्यात आली. २०२२ मध्ये आंबेडकर सर्कल ते सोडाला हा उन्नत मार्ग खुला झाला. या मार्गामुळे पश्चिमेकडील वस्त्यांतून येणाऱ्यांचा काही वेळ वाचतो, हे नाकारता येणार नाही. मात्र जो मार्ग वाहनांना वेगाने आणून आंबेडकर सर्कलपाशी सोडतो, तो तेथून पुढे जनपथावर आणि स्टॅच्यू सर्कलच्या दिशेने जागा निर्माण करू शकत नाही.

रस्ता रुंद झाला की प्रवास सोपा होतो. प्रवास सोपा झाला की पूर्वी बसने जाणारे, वेळ टाळून निघणारे किंवा दुसऱ्या रस्त्याने वळसा घेणारे लोक त्या रस्त्यावर येतात आणि काही वर्षांत पूर्वीचीच स्थिती येते, असे वाहतूकतज्ज्ञ अनेक देशांतील अनुभवावरून सांगत आले आहेत. मुंबईत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ५५ उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला, त्यानंतरचा द्रुतगती मार्गांवरचा अनुभव मराठी वाचकांना परिचित आहेच.

बसमार्गिका, मेट्रो आणि सुटलेले दुवे

शुल्काकडे वळण्यापूर्वी मोटार घरी ठेवणाऱ्याने जायचे कशाने, हा प्रश्न येतो. या बाबतीत जयपूरचा इतिहास बोधप्रद, पण फारसा उत्साहवर्धक नाही.

केंद्र सरकारने २००५ मध्ये सुरू केलेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून देशातील अनेक शहरांना जलद बससेवेसाठी, म्हणजेच बीआरटीसाठी, निधी मिळाला. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज, स्वारगेट, हडपसर या मार्गावर पहिला प्रयोग झाला. अहमदाबादची सेवा २००९ मध्ये सुरू झाली. जयपूरमध्ये सीकर रोडवरील मार्गिका २०१० मध्ये सुरू झाली. शहराच्या उत्तर सीमेवरून पाणीपेचपर्यंत रस्त्याच्या मध्यभागी बससाठी वेगळी जागा राखण्यात आली. पुढे न्यू सांगानेर रोडच्या बाजूलाही मार्गिका बांधण्यात आली.

अहमदाबादने मार्गिकांचे जाळे जोडत नेले. जयपूरमध्ये दोन तुकडे वेगवेगळ्या दिशांना राहिले आणि ज्या भागात प्रवाशांना जायचे होते त्या मध्यवर्ती भागापर्यंत, म्हणजे जुने शहर, एम. आय. रोड आणि सी-स्कीमपर्यंत, मार्गिका पोहोचलीच नाही. पाणीपेचपर्यंत वेगाने आलेली बस पुढे इतर वाहनांच्या गर्दीत अडकत असे. बसची संख्याही अपुरी राहिल्याने राखीव मार्गिका बराच वेळ रिकामी दिसे आणि शेजारच्या कोंडीत उभ्या असलेल्या मोटारचालकाला ती आपल्यावर केलेला अन्याय वाटे. मार्गिकेत खासगी वाहने घुसू लागली, अपघात होऊ लागले आणि अखेर राज्य सरकारने त्या हटविण्याचे ठरविले. दिल्लीतील आंबेडकर नगर ते मूलचंद ही मार्गिकाही २०१६ मध्ये काढून टाकण्यात आली होती. जेथे जागा सर्वांत कमी आणि विरोध सर्वांत अधिक, तेथेच बसला वेगळ्या मार्गिकेची खरी गरज असते. तो अवघड भाग वगळून केलेली योजना अपयशी ठरली, तर दोष बसला देता येत नाही.

मेट्रोचा पहिला टप्पा मानसरोवर ते चांदपोल असा असून तो ३ जून २०१५ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला. २३ सप्टेंबर २०२० रोजी तो जुन्या शहरातील बडी चौपडपर्यंत वाढविण्यात आला. सुमारे १२ किलोमीटरच्या या मार्गावर ११ स्थानके आहेत. जुन्या शहरातील काम भुयारी होते. त्यासाठी चौपडींवर खोदकाम करताना जमिनीखाली दडलेली जुनी कुंडे उघडी पडली आणि वारसाप्रेमींनी आक्षेप घेतले.

सी-स्कीमच्या दृष्टीने पाहता ही मेट्रो जवळून जाते, पण आत येत नाही. सिव्हिल लाइन्स, रेल्वे स्थानक आणि सिंधी कॅम्प ही स्थानके त्यातल्या त्यात जवळची आहेत. तेथून सचिवालयात किंवा न्यायालयात जाण्यासाठी बस, रिक्षा किंवा ई-रिक्षा करावी लागते. उन्हाळ्यात चाळीस अंशांवर तापमान गेलेल्या शहरात हे अंतर चालत जाण्याचा सल्ला देणे सोपे आहे, पाळणे अवघड. टोंक रोडने सीतापुरा ते अंबाबाडी अशी दक्षिणोत्तर जाणारी दुसरी मार्गिका सुरुवातीपासून नियोजनात होती आणि ती सी-स्कीमच्या कडेने जाणारी असल्याने या भागासाठी अधिक उपयोगाची होती. मात्र पहिली मार्गिका सुरू होऊन अनेक वर्षे लोटली तरी ती आराखड्यांच्या फेऱ्यात राहिली.

राहिली ती बस. शहर बससेवा जयपूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे आणि तिच्या जोडीला खासगी मिनीबस धावतात. मिनीबसवर टीका पुष्कळ होते. त्या कोठेही थांबतात, एकमेकींशी स्पर्धा करतात. पण ज्यांच्याकडे दुचाकीही नाही अशा घरकाम करणाऱ्या बाया, दुकानांतील नोकर आणि खेड्यांतून न्यायालयात तारखेला येणारे पक्षकार यांना त्यांचाच आधार असतो. कोंडीची सर्वांत मोठी किंमत हेच लोक मोजतात, कारण त्यांची बस इतरांच्या मोटारींमागे उभी असते. रस्ताशुल्क म्हणजे गरिबांवरचा भार, असा आक्षेप घेतला जातो तेव्हा ही बाब सहसा दुर्लक्षित राहते.

रस्त्याची किंमत: सिंगापूर ते न्यूयॉर्क

गर्दीच्या वेळी रस्त्यावर येणारे प्रत्येक वाहन मागच्या सर्वांचा थोडा थोडा वेळ घेते, पण त्याची भरपाई कोणालाच देत नाही. वीज किंवा विमानाचे तिकीट मागणी वाढली की महागते, रस्ता मात्र सर्वांत अधिक मागणीच्या वेळीही फुकट असतो आणि म्हणून त्याचे वाटप पैशाऐवजी रांगेने होते, हा कोंडी शुल्कामागचा मूळ विचार आहे. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९५० च्या दशकात तो तपशिलाने मांडला. १९५९ मध्ये वॉशिंग्टन शहरासाठी वाहनांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवण्याची त्यांची सूचना त्या काळी अव्यवहार्य ठरली. १९९६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तीन दिवसांतच त्यांचे निधन झाले.

प्रत्यक्षात हा विचार प्रथम सिंगापूरने आणला, तोही कोणत्याही यंत्राशिवाय. २ जून १९७५ पासून सकाळच्या वेळी मध्यवर्ती भागात मोटार नेण्यासाठी दिवसाला ३ सिंगापूर डॉलरचा कागदी परवाना काचेवर लावणे सक्तीचे झाले. प्रवेशमार्गांवर उभे असलेले कर्मचारी परवाना नसलेल्या वाहनांचे क्रमांक टिपून घेत. मोटारीत चार किंवा अधिक माणसे असतील तर शुल्क माफ होते. दुचाकींना आरंभी सूट होती, ती १९८९ मध्ये काढण्यात आली. शुल्काच्या वेळेतील वाहतूक चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. सप्टेंबर १९९८ पासून ही पद्धत इलेक्ट्रॉनिक झाली आणि वेळेनुसार दर बदलू लागले.

लंडनमध्ये १७ फेब्रुवारी २००३ रोजी दिवसाला ५ पौंड शुल्क सुरू झाले. पहिल्या काही महिन्यांत क्षेत्रात येणाऱ्या चारचाकी वाहनांत सुमारे १८ टक्के आणि कोंडीमुळे होणाऱ्या विलंबात सुमारे ३० टक्के घट नोंदविण्यात आली. शुल्क सुरू होण्याच्या वेळीच सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर आणण्यात आल्या होत्या आणि शुल्कातून मिळणारे निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधन कायद्यानेच घालण्यात आले होते. अर्थात लंडनचा अनुभव सरळ रेषेत गेलेला नाही. पुढील वर्षांत रस्त्यांची खोदकामे वाढली, पादचारी आणि सायकलींसाठी जागा काढली गेली आणि विलंब पुन्हा पूर्वीच्या पातळीकडे गेला. २००७ मध्ये शुल्कक्षेत्र पश्चिमेकडे वाढविण्यात आले, ते विरोधामुळे काही वर्षांत रद्द झाले. दर मात्र वाढत जाऊन जानेवारी २०२६ पासून १८ पौंड झाला.

स्टॉकहोमची वाट निराळी होती. तेथे जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने शुल्क केवळ चाचणी म्हणून लावण्यात आले. त्याआधीच, ऑगस्ट २००५ मध्ये, जवळपास २०० नव्या बस आणि अनेक नवे बसमार्ग सुरू करण्यात आले होते. शहरात येणारी-जाणारी वाहतूक सुमारे एक पंचमांशाने कमी झाली आणि चाचणी संपताच बहुतांशी परतली. चाचणीपूर्वी विरोधात असलेल्या नागरिकांनी सप्टेंबर २००६ च्या सार्वमतात अल्प बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला. १ ऑगस्ट २००७ पासून ते कायम झाले. याउलट आधी मत विचारणाऱ्या एडिंबरामध्ये २००५ साली आणि मँचेस्टरमध्ये २००८ साली नागरिकांनी प्रस्ताव मोठ्या बहुमताने फेटाळला. अनुभव घेण्यापूर्वी विचारले तर लोक नाही म्हणतात, घेतल्यानंतर विचारले तर काही जण मत बदलतात, एवढे यावरून म्हणता येईल.

न्यूयॉर्कने मॅनहॅटनच्या दक्षिण भागासाठी ५ जानेवारी २०२५ पासून ९ डॉलरचे शुल्क सुरू केले. त्यातून भुयारी रेल्वे आणि बससेवेच्या सुधारणेसाठी निधी उभारला जातो. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने पुढच्याच महिन्यात मंजुरी मागे घेण्याचा प्रयत्न केला आणि वाद न्यायालयात गेला.

टोल आणि कोंडी शुल्क यांतील गल्लत

भारतात या विषयावर चर्चा निघाली की टोल हा शब्द प्रथम आठवतो आणि तेथेच ती थांबते. दोन्हींत पैसे रस्त्यावर द्यावे लागत असले तरी हेतू भिन्न आहेत. टोल हा बांधकामाचा खर्च वसूल करण्यासाठी असतो, त्यामुळे अधिक वाहने आली तर वसुली करणाऱ्याचा लाभ होतो. कोंडी शुल्क वाहने कमी व्हावीत यासाठी असते.

मुंबईच्या वेशीवरील वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर हे पाच टोलनाके उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी होते. दर दिवसरात्र सारखाच असल्याने गर्दीच्या वेळा टाळण्याचे कारण कोणालाच नव्हते, उलट नाक्यांवरच रांगा लागत. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर राज्य सरकारने तेथे हलक्या वाहनांना टोलमाफी दिली. जड वाहनांवरील आकारणी कायम राहिली.

कोल्हापूरचा अनुभव याहून तीव्र होता. शहरांतर्गत सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचे काम खासगी कंपनीला ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ तत्त्वावर देण्यात आले आणि त्यापोटी शहराच्या प्रवेशमार्गांवर टोल बसला. आपल्याच गावात शिरताना पैसे द्यायचे, ही कल्पना कोल्हापूरकरांनी स्वीकारली नाही. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या पुढाकाराने सर्वपक्षीय आंदोलन उभे राहिले. रस्त्यांच्या कामाचा दर्जा, कराराच्या अटी आणि महापालिकेची जबाबदारी असे प्रश्न विचारले गेले. २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, २०१४ च्या जानेवारीत नाक्यांची जाळपोळ झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने टोल रद्द केला. या आंदोलनाकडे केवळ फुकटेपणा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. पैसे कोणाच्या खिशात जातात, किती काळ जाणार आहेत आणि त्याबदल्यात शहराला काय मिळाले, याचे पटणारे उत्तर मिळाले नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. शुल्काबरोबर बसची सोय वाढली असती तर काय झाले असते, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारलाही नाही, कारण करारात बस नव्हतीच.

राजस्थानमध्येही राज्य महामार्गांवरील टोलच्या बाबतीत धोरण फिरले. खासगी वाहनांना १ एप्रिल २०१८ पासून माफी देण्यात आली आणि सरकार बदलल्यानंतर १ नोव्हेंबर २०१९ पासून ती मागे घेण्यात आली. ज्या शुल्काचे आयुष्य एका निवडणुकीपुरते असू शकते, त्याच्या भरवशावर कोणी मोटार विकून बसचा पास काढणार नाही.

कोंडी शुल्काच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारी भारतीय आकारणी दिल्लीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१५ मधील आदेशाने शहरात शिरणाऱ्या मालवाहू वाहनांवर पर्यावरण भरपाई शुल्क लावण्यात आले. दिल्लीतून केवळ पलीकडे जाण्यासाठी शिरणाऱ्या ट्रकना बाहेरचा मार्ग स्वस्त वाटावा, असा त्यामागील हेतू होता. खासगी मोटारींना मात्र ते लागू नव्हते.

सी-स्कीममध्ये शुल्क लावायचे झाल्यास

कायद्याची अडचण दुस्तर नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत वाहनांवरील कर आणि टोल हे दोन्ही विषय आहेत. त्यामुळे राजस्थान विधानसभा असा कायदा करू शकते. तंत्राचीही अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्याने बहुतेक मोटारींच्या काचेवर ओळखपट्टी आहेच. मात्र दुचाकींना फास्टॅग नसतो, आणि भारतीय शहरांत वाहनांमध्ये दुचाकींचीच संख्या अधिक असते. त्यांना सूट दिली तर मोटार सोडणारे दुचाकीवर येतील. शुल्क लावले तर कमी उत्पन्नाचा नोकरदार पहिला भरडला जाईल. सिंगापूरलाही यावर निर्णय घेण्यास चौदा वर्षे लागली.

अधिक कठीण प्रश्न सीमेचा आहे. लंडनच्या शुल्कक्षेत्राभोवती वळसा घेण्यासाठी सलग रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर शुल्क नाही. सी-स्कीमच्या कडेचे एम. आय. रोड आणि टोंक रोड स्वतःच भरलेले आहेत. आतून जाणाऱ्यांवर शुल्क बसले तर ते या दोन रस्त्यांवर उतरतील आणि जवळच्या सवाई मानसिंह रुग्णालयाकडे जाणाऱ्या रुग्णवाहिका त्या रांगेत अडकतील. केवळ सी-स्कीमपुरते शुल्क लावण्यापेक्षा जुने शहर आणि सी-स्कीम मिळून एक क्षेत्र करणे तर्काला धरून होईल. परंतु जुन्या शहरातील लहान व्यापारी, कारागीर आणि रहिवासी यांच्यावर त्याचा परिणाम काय होईल, याचा स्वतंत्र अभ्यास त्याआधी करावा लागेल. सचिवालयातील अधिकारी आणि जौहरी बाजारातील मजूर यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

याच्या तुलनेत एक शुल्क आजही लावता येण्याजोगे आहे, ते म्हणजे वाहनतळाचे. खासगी मोटार दिवसाचे बहुतांश तास उभीच असते. मोकळ्या जागेत एका मोटारीसाठी, वळण्याची जागा धरून, सुमारे २३ चौरस मीटर जागा लागते असा नगररचनेतील संकेत आहे. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत काही वर्षे एका कुटुंबाला २६९ चौरस फुटांचे, म्हणजे २५ चौरस मीटरचे घर मिळत असे. सी-स्कीमसारख्या महागड्या भागात तेवढी जागा मोटारीला रस्त्याकडेला नाममात्र दराने किंवा फुकट मिळते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनतळाचा दर जागेच्या खऱ्या मूल्याशी जोडावा आणि रस्त्याची जागा वाहनांऐवजी माणसांना मोजून द्यावी, असे स्पष्टपणे म्हटले आहे. धोरण जाहीर होऊन बराच काळ लोटला असला तरी त्यातील हा भाग बहुतेक शहरांत कागदावरच आहे. पुणे महापालिकेने मार्च २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मंजूर केले. विरोध होताच ते पाच रस्त्यांपुरते प्रायोगिक करण्यात आले आणि तेही रखडले.

तरीही वाहनतळाच्या शुल्काला काही जमेच्या बाजू आहेत. त्याला क्षेत्राची सीमा लागत नाही. ते येथे थांबणाऱ्यावर बसते, त्यामुळे कडेच्या रस्त्यांवर वाहने ढकलली जाण्याचा धोका कमी असतो. दर तासागणिक वाढवीत नेला तर दुकानात अर्ध्या तासासाठी आलेल्या ग्राहकाला जागा मिळते आणि दिवसभर मोटार उभी करणारा नोकरदार दुसरा पर्याय शोधतो. यामुळे व्यापाऱ्यांचा विरोध कमी होण्याचीही शक्यता असते. परंतु दर लावताना सरकारी कार्यालयांच्या आवारांत मिळणारी विनामूल्य जागाही त्यात धरली पाहिजे. अधिकाऱ्यांच्या मोटारी फुकट आणि पक्षकाराच्या मोटारीला दर, अशी व्यवस्था झाली तर ती टिकणार नाही, आणि टिकूही नये. केवळ पलीकडे जाणाऱ्या वाहनांवर मात्र वाहनतळाच्या शुल्काचा काहीच परिणाम होत नाही, ही त्याची मर्यादा आहे.

वसूल झालेल्या रकमेचे काय करायचे, हा प्रश्न जयपूरमध्ये अधिकच गुंतागुंतीचा होतो. रस्त्याकडेच्या वाहनतळाचे ठेके महापालिकेकडे, मोठे रस्ते आणि पूल विकास प्राधिकरणाकडे, बस एका कंपनीकडे, मेट्रो दुसऱ्या महामंडळाकडे, दंड वाहतूक पोलिसांकडे आणि मिनीबसचे परवाने परिवहन विभागाकडे, अशी वाटणी आहे. लंडनमध्ये बस, भुयारी रेल्वे, प्रमुख रस्ते आणि शुल्क ही सर्व कामे २००० साली स्थापन झालेल्या एकाच संस्थेकडे आहेत, त्यामुळे शुल्काचा पैसा बसकडे वळविणे तेथे हिशेबाच्या एका ओळीचे काम होते. जयपूरमध्ये स्टॅच्यू सर्कलजवळ उभ्या केलेल्या मोटारीचे पैसे मानसरोवरहून सचिवालयाकडे येणाऱ्या बसच्या कामी यायचे असतील, तर महापालिकेच्या तिजोरीतून ते बसकंपनीकडे नेमके कोणत्या नियमाने जातील, हे आधी ठरवावे लागेल. राष्ट्रीय धोरणाने मोठ्या शहरांसाठी एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरणाची शिफारस केली आहे ती याच कारणासाठी.